दोन रुपयांचा ब्रेक

अ‍ॅव्हरेज शोरूममध्ये विकत मिळतं असं वाटतंय? मग पालघर ते बोईसर रोज गाडी हाकणाऱ्या एका मुलीची ही वही जरा चाळा...

“ताई, झिरो बघा.”

पंपावरचा मुलगा म्हणतो आणि मी इमानदारीत झिरो बघते. नंतर आकडे पळायला लागले की मात्र मान दुसरीकडे! पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून आम्हा पगारदारांचा हा पेटंट उपाय. बघितलं नाही की कमी दुखतं.

मी राहते पालघरला आणि नोकरी बोईसरला, तारापूर एमआयडीसीत. बिल्डिंगच्या गेटपासून कंपनीच्या गेटपर्यंत जेमतेम पंधरा किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून छोटी हॅचबॅक घेतली. रंग लाल, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. ब्रोशरवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, लिटरला २१ किलोमीटर. माझ्या हातात पडत होते १४. मग लिटरमागचे सात किलोमीटर गेले कुठे? गाडीत खोट आहे, की मलाच चालवता येत नाही?

गंमत अशी, की गळती शोधणं हाच माझा धंदा! कंपनीत मी युटिलिटी विभागात. बॉयलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर हे माझे सवंगडी. वाफेच्या लाइनला कुठे टाचणीएवढं भोक पडलंय, कॉम्प्रेसरची हवा कुठे फुसफुसतेय, ते हुडकायचं, बंद करायचं आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये ‘ऊर्जाबचत’ दाखवून साहेबांची शाबासकी घ्यायची. दिवसभर कंपनीची गळती पकडणारी मी, संध्याकाळी गाडीत बसले की स्वतःच भोकाचं भांडं!

बाबांना हे सांगितलं. बाबांनी याच एमआयडीसीत तीस वर्षं बॉयलर सांभाळला. ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, “अगं, आमच्याकडे नियम होता. आधी गळती मोजायची, मग बोंब मारायची.”

झालं. दुसऱ्याच दिवशी शंभर पानी वही आणली.

दोन एमआयडीसींची गोष्ट

अ‍ॅव्हरेज मोजायची पद्धत एकदम सोपी. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. बस्स! डॅशबोर्डवरचा आकडा थोडा गोडबोल्या असतो, वही नसते.

मग ब्रोशरवरचे २१ आले कुठून? आपल्याकडे गाड्यांची अशी तपासणी करणारी मोठी संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली. माझी गाडी ज्या चाचणीतून पास झाली तिचं नाव ऐकून मी हसतच सुटले. ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’. आद्याक्षरं घ्या... एमआयडीसी!

त्या एमआयडीसीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती उभी राहते रोलरवर, बंद खोलीत. ११८० सेकंद, म्हणजे वीसेक मिनिटं, ठरलेल्या वेगानं चाकं फिरतात. वेग कधीच ९० च्या वर नाही. एसी बंद. समोर म्हैस नाही, टँकर नाही, उलटा येणारा रिक्षावाला नाही.

आणि आमची एमआयडीसी? सकाळी आठचा सुमार. कोळगावला जिल्हा मुख्यालयाकडे वळणाऱ्या गाड्या, उमरोळीच्या आसपास शाळेची पोरं, बोईसर जवळ आलं की कंपन्यांच्या बसेस, केमिकलचे टँकर, सायकलवरचे कामगार, आणि नवापूर नाक्यावर तर प्रत्येकाला आधी मीच! शिवाय एसी फुल्ल, कारण जूनआधीचा पालघरचा उकाडा म्हणजे आमच्या बॉयलर हाउसचीच दुसरी शाखा.

त्यात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. लिटरला लिटर तोललं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे सहा-सात टक्के दम टाकीतच कमी भरला जातो. तेव्हा २१ चं स्वप्न सोडा. पण १४? ते जरा अतिच होतं.

शंभरातले ऐंशी

आता मुख्य हिशेब. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तर चाकांपर्यंत किती पोचतं? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात, साध्या पेट्रोल गाडीत १६ ते २५ रुपयांचं. हो, बरोबर वाचलंत! सत्तरच्या आसपास इंजिनातच संपतात, त्यातले बहुतेक नुसती उष्णता बनून रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत. चार-सहा रुपये वॉटर पंप, अल्टरनेटर वगैरे मंडळी खातात. चार-पाच गिअरबॉक्सच्या घर्षणात.

म्हणजे आपण पेट्रोल टाकतो, त्यातून मुख्यतः पालघरची हवा तापवतो आणि जाता जाता स्वतःही बोईसरला पोचतो!

चिडू नका, हा गाडीचा दोष नाही. उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राचं हे नशीब. फ्रान्सच्या सादी कार्नोनं १८२४ सालीच सांगून ठेवलंय, की उष्णता सगळीच्या सगळी कामाला लावता येत नाही, काही भाग सोडून द्यावाच लागतो. आमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. तारापूरचं अणुवीज केंद्र, १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं. अशा केंद्रातही उष्णतेतली साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते, बाकीची थंड करायला पाणी लागतं. म्हणून तर ते समुद्राकाठी. जिथे अणुशक्तीवाले सोडून देतात, तिथे माझ्या हॅचबॅकची काय कथा!

तेव्हा त्या सत्तर रुपयांवर माझा कंट्रोल नाही. माझ्या हातात, खरं तर पायात, आहेत ते चाकांपर्यंत पोचलेले वीसेक. त्यांचे तीन वाटेकरी: समोरची हवा, टायरचं घर्षण आणि... ब्रेक!

साडेचार चमचे

ब्रेकचा हिशेब मी लंच टाइममध्ये कॅन्टीनच्या टिश्यू पेपरवर मांडला. गाडी, मी आणि माझी बॅग मिळून धरा १००० किलो. ६० च्या वेगात या वजनात सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. टाकीतला पाचवा हिस्साच चाकांपर्यंत येतो, म्हणजे तेवढ्यासाठी जाळलं सुमारे ७०० किलोज्यूलचं पेट्रोल. इथेनॉलवाल्या एका लिटरमध्ये धरा ३० हजार किलोज्यूल. उत्तर आलं २३ मिली.

घरातल्या छोट्या चमच्यानं मोजलं तर साडेचार चमचे. शंभरच्या भावानं दोन रुपयांच्या वर!

म्हणजे ६० वर गाडी नेली आणि पुढच्या स्पीडब्रेकरवर कचकन दाबली, की दोन रुपये गेले. ब्रेक पॅड गरम झाले आणि संपला विषय. तेच ४० वरून थांबवली तर सुमारे १० मिली, एक रुपया. वेग दीडपट पण खर्च सव्वादोनपट, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. शाळेत पाठ केलेला अर्धा एम व्ही स्क्वेअर असा खिशात हात घालेल, वाटलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी जाताना मोजलं. कंपनीच्या गेटपर्यंत माझा पाय ब्रेकवर गेला २६ वेळा. सहा वेळा साठच्या आसपास, बारा वेळा चाळिशीत, बाकी किरकोळ. बेरीज जवळजवळ ३०० मिली. आणि एका फेरीला मला पेट्रोल लागत होतं लिटरभर. म्हणजे पाव लिटरच्या वर मी रोज जाताना ब्रेकवर ओतत होते, आणि तेवढंच येताना!

पुढच्या स्पीडब्रेकरपर्यंत जोरात जायचं आणि तिथे दाबायचा, हेच माझं ‘स्मार्ट ड्रायव्हिंग’. ज्याला मागे टाकलं तो रिक्षावाला पुढच्या ब्रेकरवर शेजारी येऊन उभाच. त्याच्या तोंडावरचं हसू मला आत्ता कळलं.

उपाय? नजर लांब टाका. पुढे स्पीडब्रेकर, वळण, थांबलेली बस दिसली की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय लवकर उचला. गिअरमध्येच राहू द्या. गाडी आपोआप मंदावते, शेवटी ब्रेकला फक्त हात लावल्यासारखं करायचं. जमवलेला वेग फेकायचा नाही, पुरवून वापरायचा. हा सगळा फंडा!

आणि मग वाघोबाचा घाट

इथपर्यंत वाचून वाटेल, बरंय, पैसे वाचवायची गंमत चाललीये. मलाही तसंच वाटत होतं. ऑगस्टपर्यंत.

वाड्याला मामेबहिणीचा साखरपुडा होता. संध्याकाळी मनोरमार्गे परत निघालो. मी गाडी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आई, मांडीवर बुंदीच्या लाडवांचा डबा. पाऊस रिमझिम. वाघोबाच्या खिंडीत चढ संपला, देवळाशी सवयीनं हात जोडले आणि पालघरच्या बाजूचा उतार लागला.

“न्यूट्रल कर,” बाबा म्हणाले. “उतार आहे. फुकटचं पळेल. मी चेतक बंदच करायचो इथे.”

आता वहीवाली मी, अ‍ॅव्हरेजच्या नादानं पार येडी झालेली. केलं न्यूट्रल. काय मस्त वाटलं! इंजिनाचा आवाज नाही, गाडी लोण्यासारखी घसरतेय. चाळीस... पन्नास... साठ कधी झाले कळलंच नाही. वळण घेतलं तर समोर टँकर, जवळजवळ उभा. ब्रेक दाबला. ओला रस्ता, टायर सरकले. गिअर टाकायला गेले तर हात थरथरत नुसताच खुळखुळला. आई ओरडली. गाडी थांबली तेव्हा टँकरच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ मी न वाकता वाचू शकत होते.

लाडू सगळ्या गाडीभर. कोणी काही बोललं नाही. पालघर स्टेशनचे दिवे दिसले तेव्हा बाबा हळूच म्हणाले, “माझं चुकलं.” एवढ्या वर्षांत बाबांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

रात्री झोप लागेना, म्हणून वाचत बसले. आणि जे सापडलं त्यानं आणखीच झोप उडाली. न्यूट्रलनं पेट्रोल वाचतच नाही!

बाबांची चेतक कार्ब्युरेटरवाली. तिला पेट्रोल पूर्ण तोडता येत नसे, म्हणून बंद करण्यात निदान पेट्रोलपुरता तरी अर्थ होता. पण २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आपल्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. या गाड्यांमध्ये उतारावर गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की संगणक पेट्रोलचा पुरवठा चक्क बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात, खर्च शून्य! वर इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, म्हणजे ब्रेकला मदत. न्यूट्रल केलं, की चाकांची आणि इंजिनाची फारकत. मग इंजिन चालू ठेवायला पुन्हा पेट्रोल लागतं आणि गाडी आवरायला उरतात फक्त ब्रेक. चावीच फिरवली तर त्याहून वाईट. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-चार वेळा दाबला की संपतो, पेडल दगड होतं, पॉवर स्टिअरिंग जड होतं.

म्हणजे मी आई-बाबांचा जीव टांगला होता कशासाठी? पेट्रोल जास्त जाळण्यासाठी!

सकाळी बाबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे उताराला गिअरच बचत करतो?” मग स्वतःच फोन उचलून वाड्याला मामाला सांगितलं. मामाही न्यूट्रलवालाच!

तुमच्याही घरी असे एक काका, एक मित्र, एक ड्रायव्हर नक्की असणार. प्लीज, हा मुद्दा त्यांना वाचून दाखवा. बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

हौस तिथे हद्द

अ‍ॅव्हरेजचं हे वेड जगभर आहे. अमेरिकेत वेन गर्ड्स नावाच्या गृहस्थानं त्याला ‘हायपरमायलिंग’ असं नाव दिलं. २००८ मध्ये पेट्रोल भडकलं होतं तेव्हा न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीनं तोच शब्द ‘वर्ड ऑफ द इयर’ ठरवला. त्यातले काही वीर हवेचा अडथळा टाळायला ट्रकच्या शेपटीला चिकटून गाडी चालवतात. आमच्या केमिकल टँकरच्या मागे हा प्रयोग? नको रे बाबा! एकदा वाचलेय तेवढं पुरे.

आपल्याकडे पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था १९७८ पासून इंधनबचतीचे धडे देतेय. तिचा सल्ला साधा आहे: ४५ ते ५५ चा वेग, एकसारखा. ऐकायला बोअर, पण बरोबर. हायवेला मनोरहून मुंबईकडे निघालात आणि ८० चे १०० केलेत, तर समोरच्या हवेचा अडथळा ५६ टक्क्यांनी वाढतो.

बाकीची भोकं छोटी, पण फुकटात बुजणारी. माझ्या डिकीत मामीनं दिलेली वाडा कोलमची २५ किलोची गोणी तीन आठवडे हवा खात फिरत होती! शिवाय पाण्याचे कॅन, बॅडमिंटनचं किट, कुणाचीतरी खुर्ची. ४५ किलोमागे सुमारे एक टक्का अ‍ॅव्हरेज जातं. सगळं उतरवलं. तांदूळ लगेच शिजवलाही.

उद्यापासून एवढंच करा

१. हवा: महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. चारही टायर एक पीएसआयनं उतरले तर सुमारे ०.२ टक्के नुकसान. दहानं उतरले तर दोन टक्के, वर टायरचं आयुष्य कमी.

२. थांबा: दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल, रेल्वे फाटक वगैरे, तर इंजिन बंद. पुन्हा चालू करायला त्याहून कमी पेट्रोल लागतं. पण चालत्या गाडीत चावीला हात नाही!

३. एसी: उन्हात उभी असलेली गाडी आधी मिनिटभर काचा उघडून चालवा, गरम हवा जाऊ द्या. कडक उन्हात, छोट्या अंतराला एसी पाव अ‍ॅव्हरेज खाऊ शकतो.

४. क्लच: ट्रॅफिकमध्ये पाय क्लचवर ठेवून ‘हाफ क्लच’ खेळू नका. पेट्रोल जातं, प्लेट जळते आणि मेकॅनिकच्या मुलीचं लग्न होतं.

५. कॅरिअर: टपावरचं सामानाचं खोकं हायवेला ६ ते १७ टक्के अ‍ॅव्हरेज खातं. ट्रिप संपली की काढा.

वही काय म्हणते?

तीन महिन्यांनी वहीतला आकडा १७ वर स्थिरावलाय. गाडी तीच, रस्ता तोच, नवापूर नाका तोच. महिन्याला ७५० किलोमीटर धरले तर साडेनऊ लिटर वाचले, म्हणजे साडेनऊशे रुपये. ऑफिसला पोचायला किती उशीर होतो? दोन, फार तर तीन मिनिटं. तेवढा वेळ तर मी लिफ्टची वाट बघण्यात घालवते.

पण खरा फायदा वहीत लिहिता येत नाही. मी आता शिव्या न देता ऑफिसला पोचते. समोरचा घुसला तर घुसू दे, त्याचे दोन रुपये गेले!

आणि हो, आठवड्यातून दोन दिवस मी गाडी घरीच ठेवते. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते. पालघर आणि बोईसरमध्ये एकच स्टेशन, उमरोळी. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, घर्षण टायरच्या मानानं किती तरी कमी, आणि एका गाडीत हजारो माणसं. अ‍ॅव्हरेजमध्ये तिला कोण हरवणार?

मागच्या रविवारी पुन्हा वाड्याला गेलो होतो. परतताना वाघोबाच्या खिंडीत हात जोडले, उतार लागला. मी काही करायच्या आतच शेजारून आवाज आला.

“सेकंड टाक, बाळा. फुकट आहे.”

मागच्या सीटवर आईनं लाडवांच्या डब्याचं झाकण तरीही दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.